प्रेयसीचं आणि स्वतःचं नाव जोडून २० वर्षांच्या पोरानं डेबियन सुरू केलं, पुढं त्यातूनच उबंटू जन्माला आलं

सांगलीच्या विश्रामबागेत वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज आहे. तिथं वालचंद लिनक्स युजर्स ग्रुप नावाचा विद्यार्थ्यांचा गट आहे. तिकडं इस्लामपूरजवळचं राजारामबापू इन्स्टिट्यूट असो नाहीतर साताऱ्यातलं एखादं इंजिनिअरिंग कॉलेज, कॉम्प्युटरला ॲडमिशन घेतलेल्या पोरापोरींची कधी ना कधी उबंटूशी गाठ पडतेच.

तिथं सगळ्यात आधी एक गोष्ट शिकवली जाते. टर्मिनलची काळी खिडकी उघडायची, सुडो ॲप्ट इन्स्टॉल असं टाईप करायचं, पुढं हव्या त्या सॉफ्टवेअरचं नाव लिहायचं आणि एंटर मारायचं. दोन मिनिटांत काम फत्ते. पैसे नाहीत, सिरीयल नंबर नाही, क्रॅक शोधायची भानगड नाही.

पण हे सॉफ्टवेअर येतं कुठून? ते तपासून, बांधून, वेळोवेळी दुरुस्त करून ठेवतं कोण? आणि तेही फुकटात?

या व्यवस्थेची सुरुवात ज्यानं केली त्याचं नाव इयान मर्डॉक.

इयानचा जन्म २८ एप्रिल १९७३ चा. जन्मगाव जर्मनीतलं कॉन्स्टान्झ, पण कुटुंब अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातलं. वडील लॅरी मर्डॉक पर्ड्यू विद्यापीठात कीटकशास्त्राचे प्राध्यापक होते. आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांच्या चवळीला भुंगा लागू नये म्हणून तीन थरांची हवाबंद पिशवी तयार करण्याचं मोठं काम त्यांच्या नावावर आहे. बापानं धान्य टिकवायची पिशवी बनवली आणि पोरानं सॉफ्टवेअर टिकवायची.

वडिलांच्या प्रयोगशाळेत ॲपल टू प्लस हा कॉम्प्युटर आला आणि शाळकरी इयान त्याच्या नादाला लागला. पुढं तो पर्ड्यूलाच शिकायला गेला. सुरुवातीला विषय होता अकाउंटिंग. पण विद्यापीठातल्या युनिक्स मशीन त्याच्या हाती लागल्या आणि जमाखर्चातलं मन उडालं. गडी कॉम्प्युटर सायन्सकडं वळला.

युनिक्सची मशीन घरी घेणं तेव्हा कुणाच्या बापाला परवडत नव्हतं. अशात १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्सनं लिनक्स आणलं होतं. साध्या पीसीवर युनिक्ससारखं काम, तेही मोफत.

अडचण एकच होती. लिनक्स म्हणजे नुसतं कर्नल, म्हणजे इंजिन. नुसत्या इंजिनावर ट्रॅक्टर शेतात जात नाही. त्याला गिअर पाहिजे, चाकं पाहिजेत, स्टिअरिंग पाहिजे. ही बाकीची सॉफ्टवेअर जगभरातल्या वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेली होती. ती गोळा करून, एकमेकांना जुळवून, चालू अवस्थेत लोकांच्या हातात देणं याला डिस्ट्रिब्युशन म्हणतात. पोरांच्या भाषेत डिस्ट्रो.

त्या काळात एसएलएस नावाचा डिस्ट्रो चालायचा. इयाननंही तोच वापरला. पण त्यात चुका भरपूर होत्या आणि त्या वेळेवर दुरुस्त होत नव्हत्या. इयाननं आधी तो सुधारून बघायचा प्रयत्न केला. मग लक्षात आलं की ठिगळं लावण्यापेक्षा नवं शिवलेलं परवडेल.

१६ ऑगस्ट १९९३ ला त्यानं नव्या डिस्ट्रोची घोषणा केली. वय होतं २०.

नावाचा किस्सा भारी आहे. इयानच्या प्रेयसीचं नाव डेब्रा. तिच्या नावातलं डेब घेतलं, पुढं स्वतःचं इयान जोडलं आणि झालं डेबियन. पुढं दोघांचं लग्नही झालं.

पण डेबियन टिकलं ते नावामुळं नाही. इयाननं दोन गोष्टी नीट केल्या, त्यामुळं ते टिकलं.

पहिली गोष्ट पॅकेज.

समजा विहिरीवर नवी मोटर बसवायची आहे. दुकानातून नुसती मोटर आणून भागत नाही. स्टार्टर लागतो, केबल लागते, पाईप लागतो, फूटव्हॉल्व्ह लागतो. त्यातही मोटर जेवढ्या एचपीची, स्टार्टर त्याच मापाचा पाहिजे. एक वस्तू विसरली की सांगलीला दुसरी फेरी.

सॉफ्टवेअरचंही तसंच असतं. एक प्रोग्राम दुसऱ्या दहा प्रोग्रामच्या जिवावर चालतो. डेबियनच्या पॅकेजमध्ये प्रोग्रामच्या फाईल असतातच, शिवाय सोबत एक चिठ्ठी असते. प्रोग्रामचं नाव काय, आवृत्ती कितवी, चालायला आणखी काय काय लागतं आणि हे पॅकेज सांभाळतं कोण, हे सगळं त्यावर लिहिलेलं असतं. ती चिठ्ठी वाचून पॅकेज बसवणारं, काढणारं डीपीकेजी हे साधन सुरुवातीच्या काळातच तयार झालं. लागणारं सगळं सामान स्वतःच शोधून आणणारं ॲप्ट त्यानंतर आलं. १९९९ च्या डेबियन २.१ पासून ते लोकांच्या हातात पडलं. कॉलेजमधली पोरं आज टाईप करतात ते हेच ॲप्ट.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. ती चिठ्ठीवरच्या शेवटच्या ओळीत आहे, सांभाळणाऱ्याच्या नावात.

इयाननं पहिल्यापासून ठरवलं होतं की डेबियन एका माणसाचं किंवा एका कंपनीचं असणार नाही. प्रत्येक पॅकेजला एक मेंटेनर असेल. तो जगाच्या पाठीवर कुठंही राहणारा असेल, पगार घेणार नाही, पण पॅकेज बिघडलं तर जबाबदारी त्याची. पॅकेजचे नियम सगळ्यांना सारखे, त्यामुळं एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांचं काम एकमेकांत चपखल बसतं. काम वाटून घ्यायचं, नियम ठरवून घ्यायचे आणि झालेलं काम उघड्यावर ठेवायचं, एवढंच सूत्र.

१९९४ च्या नोव्हेंबरपासून वर्षभर रिचर्ड स्टॉलमनच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशननं डेबियनला पाठबळ दिलं. त्यानंतर मार्च १९९६ मध्ये इयाननं नेतृत्व ब्रूस पेरेन्सच्या हाती दिलं आणि तो बाजूला झाला. स्वतःचं नाव लागलेली गोष्ट त्यानं तीन वर्षं पूर्ण व्हायच्या आत सोडली.

पेरेन्स तेव्हा पिक्सार कंपनीत होता. त्यामुळं डेबियनच्या आवृत्त्यांना टॉय स्टोरीतल्या पात्रांची नावं मिळाली, ती पद्धत अजून चालू आहे. जून १९९६ मधली पहिली नामधारी आवृत्ती बझ. तिच्यात ४७४ पॅकेज होती.

१९९७ मध्ये डेबियननं आपला सामाजिक करार लिहून काढला. सॉफ्टवेअर कायम मुक्त राहील आणि चुका लपवल्या जाणार नाहीत, ही त्यातली मुख्य वचनं. त्यातलेच मुक्त सॉफ्टवेअरचे निकष पुढच्या वर्षी ओपन सोर्सच्या व्याख्येचा पाया ठरले. डेबियनची स्वतःची घटना आहे, दरवर्षी प्रमुखाची निवडणूक होते, सभासद मतदान करतात.

सातारा-सांगलीच्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये. रेठऱ्याचा कृष्णा कारखाना असो की सांगलीचा वसंतदादा कारखाना, सभासद, निवडणूक आणि वार्षिक सभा इथल्या अंगवळणी पडलेली आहे. डेबियनमध्ये फरक इतकाच की इथं शेअरची रक्कम नाही आणि दिवाळीला साखरही नाही. सभासदत्व कामावर मिळतं.

भारतात तेव्हा काय चाललं होतं? सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलनं सुरू केलं, तेही मोठ्या शहरांत. सातारा-सांगलीसारख्या ठिकाणी फोनच्या लाईनवरून आख्खा डिस्ट्रो उतरवणं म्हणजे चहाच्या चमच्यानं विहीर उपसणं. १९९६ पासून पीसी क्वेस्ट मासिकानं अंकासोबत लिनक्सची सीडी द्यायला सुरुवात केली. भारतातल्या कित्येक लोकांनी लिनक्स पहिल्यांदा पाहिलं ते या सीडीवर.

आता मेंटेनर नेमकं करतो काय?

मूळ लेखकानं नवी आवृत्ती काढली की मेंटेनर ती आणतो. परवाना तपासतो. डेबियनच्या नियमांत बसवतो. बांधून अपलोड करतो. हे पॅकेज आधी जातं अनस्टेबल भागात. त्याचं टोपणनाव सिड, टॉय स्टोरीतला खेळणी मोडणारा पोरगा. तिथं काही दिवस निभावलं की ते टेस्टिंगमध्ये जातं आणि साधारण दोन वर्षांनी सगळं गोठवून, चुका काढून स्टेबल आवृत्ती बाहेर पडते. स्टेबल आल्यावरही काम संपत नाही. सुरक्षेची भोकं बुजवत राहावं लागतं, जगभरातून आलेल्या तक्रारींना उत्तरं द्यावी लागतात.

हे काम दिसत नाही. बिघडलं की मात्र सगळ्यांना दिसतं.

२००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल पॅकेजमधून एक ओळ काढली गेली. तपासणीचं साधन त्या ओळीवर इशारा देत होतं म्हणून ती काढली होती, हेतू चांगलाच होता. पण त्या ओळीमुळं गुप्त चाव्या बनवताना लागणारा बेभरवसा आकडा मिळत होता. ओळ गेली आणि एका प्रकारच्या, एका मापाच्या चावीच्या जेमतेम ३२,७६८ शक्यता उरल्या. कॉम्प्युटरला एवढ्या चाव्या लावून बघायला फार वेळ लागत नाही. मे २००८ मध्ये हे उघड झालं आणि डेबियन, उबंटू वापरणाऱ्या असंख्य सर्व्हरना आपल्या चाव्या बदलाव्या लागल्या. सामाजिक कराराप्रमाणं डेबियननं चूक झाकली नाही, जगजाहीर केली.

मार्च २०२४ मध्ये वेगळंच घडलं. एक्सझेड हे फाईल आवळणारं छोटं सॉफ्टवेअर एकच माणूस कित्येक वर्षं सांभाळत होता आणि तो थकला होता. मदतीच्या नावाखाली आलेल्या अनोळखी व्यक्तीनं दोनेक वर्षं विश्वास कमावला आणि त्यात चोरदरवाजा बसवला. तो डेबियनच्या सिड आणि टेस्टिंगपर्यंत पोचलाही. स्टेबलमध्ये जाण्याआधी सापडला म्हणून मोठा अनर्थ टळला. जगाचा कारभार ज्या सॉफ्टवेअरवर चालतो, त्यामागं कधीकधी एकच दमलेला माणूस उभा असतो.

इयानचं पुढं काय झालं?

त्यानं इंडियानापोलिसमध्ये प्रोजेनी नावाची कंपनी काढली. डेबियनवर धंदा उभा करायचा बेत होता, पण २००७ मध्ये कंपनी बंद झाली. त्याच वर्षी तो सन मायक्रोसिस्टिम्समध्ये गेला. सनच्या सोलॅरिसमध्ये लिनक्ससारखी पॅकेजची सोय आणायचं काम त्यानं केलं. त्या प्रकल्पाला त्याच्याच राज्याचं नाव होतं, इंडियाना. २०१५ च्या अखेरीस तो डॉकर कंपनीत आला. डॉकरचं काम सॉफ्टवेअर त्याच्या सगळ्या सामानासकट एका डब्यात बांधून कुठंही चालवायचं, म्हणजे पुन्हा त्याचाच जुना विषय.

दरम्यान २००८ मध्ये डेब्रा आणि त्याचा घटस्फोट झाला होता. डेबियनच्या नावात मात्र दोघं तसेच राहिले.

२८ डिसेंबर २०१५ ला सॅन फ्रान्सिस्कोत इयान गेला. वय फक्त ४२. शेवटच्या दिवशी त्यानं ट्विटरवर पोलिसांशी झालेल्या झटापटीबद्दल आणि स्वतःच्या मनःस्थितीबद्दल लिहिलं होतं, ते वाचून लोक हादरले. पुढच्या वर्षी तपासणीत ही आत्महत्या असल्याचं नोंदवलं गेलं. हजारो लोकांनी एकमेकांचं ओझं उचलावं अशी व्यवस्था उभी करणाऱ्या माणसाचा शेवट असा व्हावा, हे चटका लावणारं होतं. जून २०१७ मध्ये आलेली डेबियन ९ ही आवृत्ती त्याच्या स्मृतीला अर्पण केली गेली.

डेबियन मात्र थांबलं नाही. २००४ मध्ये त्यातून उबंटू निघालं. शाळकरी पोरांच्या प्रोजेक्टमधल्या रास्पबेरी पायवर डेबियनचंच रूप चालतं. आपल्या सी-डॅकचं बॉस लिनक्सही डेबियनवर उभं आहे. २०१३ मध्ये अंतराळ स्थानकावरच्या लॅपटॉपमधून विंडोज काढून डेबियन टाकलं गेलं. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ६९,८३० पॅकेज आहेत. ४७४ पासून इथवरचा प्रवास बिनपगारी मेंटेनरच्या जिवावर झाला.

आपल्याकडची माणसंही यात आहेत. डेबियन बसवताना भाषांच्या यादीत मराठी दिसते, कारण कुणीतरी बसून ती वाक्यं मराठीत आणली. २०२३ ची जागतिक डेबियन परिषद कोचीत भरली आणि २०२४ मध्ये बेळगावात छोटी डेबियन परिषद झाली.

डेबियनमध्ये एक यादी कायम असते. ज्या पॅकेजचा मेंटेनर काम सोडून गेला, ती पॅकेज त्यात टाकतात. त्यांना अनाथ म्हणतात आणि ती दत्तक घेता येतात. दत्तक घ्यायला डिग्री लागत नाही, अमेरिकेत जावं लागत नाही. नियम वाचायचे, पॅकेज दुरुस्त करायचं, मग एखादा जुना डेव्हलपर ते तपासतो आणि आपल्या सहीनं अपलोड करतो. विश्रामबागेतल्या हॉस्टेलवर बसलेलं पोरगं किंवा साताऱ्यातली एखादी पोरगी हे आज रात्रीही सुरू करू शकते. मग जगातल्या कुठल्याही मशीनवर ते पॅकेज उतरलं, की चिठ्ठीवर सांभाळणाऱ्याच्या जागी तिचं नाव असेल.