लोहपर्वतांचे शोधक प्रमथनाथ बोस

नर्मदेच्या उत्तर तीरावरील नेमावर आपल्या माळव्यातील भाविकांना ठाऊक आहे ते सिद्धनाथाच्या प्राचीन देवालयामुळे. आणि बाग हे गाव रसिकांना ठाऊक आहे ते तेथील लेण्यांमुळे. पहिले होळकरांच्या राज्यातले, दुसरे शिंद्यांच्या. परंतु नेमावरापासून बागेवरून छोटा उदेपूर संस्थानातील कवांटपर्यंतचा हा सारा टापू गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात एका तरुण बंगाली शास्त्रज्ञाने खडक पारखीत पिंजून काढला होता, ही गोष्ट मात्र फारशी कोणाला माहीत नाही. त्याचे नाव प्रमथनाथ बोस. जमशेदपूरच्या पोलाद कारखान्याच्या इतिहासात हे नाव आदराने घेतले जाते. पण त्या नावामागचा माणूस कसा होता, त्याने काय सोसले आणि काय दिले, हे समजून घेण्याजोगे आहे.

प्रमथनाथांचा जन्म 12 मे 1855 रोजी बंगालमधील गोबरडांग्याजवळच्या गैपूर या खेड्यात झाला. कृष्णनगर आणि कलकत्ता येथे शिक्षण चालू असताना गिलख्रिस्ट शिष्यवृत्तीच्या स्पर्धेत त्यांनी यश मिळवले आणि 1874 साली, वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, ते विलायतेस गेले. लंडन विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांनी तेथील रॉयल स्कूल ऑफ माइन्समध्ये खनिजविद्येचा अभ्यास पुरा केला. त्याच बरोबर हिंदुस्थानच्या राजकीय प्रश्नांवर सभांतून बोलण्याचाही उद्योग त्यांनी चालविला होता. हा तेजस्वी तरुण लंडनपेक्षा हिंदुस्थानातील रानावनात असलेला बरा, असे काही अधिकाऱ्यांना वाटले असल्यास नवल नाही. ते कसेही असो. 1880 साली भूगर्भ सर्वेक्षण खात्यात त्यांची नेमणूक झाली. खात्याच्या वरिष्ठ श्रेणीत स्थान मिळालेले ते पहिले भारतीय होत.

या गोष्टीचे मोल समजण्यासाठी त्या वेळचे वातावरण ध्यानात घ्यावयास हवे. खात्याचे तत्कालीन प्रमुख मेडलिकॉट यांचे मत असे होते, की स्वतंत्र संशोधन करण्याची कुवत हिंदी माणसात नाही. अशा वरिष्ठाच्या हाताखाली प्रमथनाथांना पहिली कामगिरी मिळाली ती नर्मदेच्या खोऱ्याची. बागच्या लेणी ज्या वालुकाश्मात कोरल्या आहेत, त्याच्यावर समुद्रातील प्राण्यांच्या अवशेषांनी भरलेले चुनखडीचे थर आहेत. आज समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या या भागात एके काळी समुद्र शिरला होता, याची ही साक्ष. प्रमथनाथांनी हे थर एकेक करून वेगळे काढले, त्यांचा क्रम लावला, देवला आणि चिराखान या लहानशा गावांची नावे एका थराला दिली. 1884 साली त्यांचा हा प्रबंध खात्याने प्रसिद्ध केला. पुढे बागच्या थरांचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाला त्याच्यापासूनच आरंभ करावा लागला. मेडलिकॉट यांच्या मताला याहून सभ्य उत्तर कोणते असणार?

यानंतर ते मध्यप्रांतात रायपूर जिल्ह्याच्या पश्चिम भागात आले. तेथे रानातील लोक पिढ्यानपिढ्या मातीच्या लहान भट्ट्यांतून लोखंड काढीत. धाऊ म्हणजे लोखंडाचा दगड, आणि लोणारी कोळसा यांचे थर भट्टीत घालावयाचे आणि पायाने भाते चालवावयाचे. अशा भट्टीत लोखंड वितळून वाहत नाही. मळीने भरलेला त्याचा सच्छिद्र गोळा तयार होतो, आणि तो तापवून ठोकून ठोकून मळी काढावी लागते. प्रमथनाथांनी या धंद्याची बारकाईने पाहणी केली आणि 1887 साली त्यावर टिपण प्रसिद्ध केले. दल्ली आणि राजहरा येथील डोंगरांत उत्तम प्रतीचे खनिज आहे, याची नोंद त्यांनी याच वेळी करून ठेविली. त्या नोंदीकडे पुढे कितीतरी वर्षे कोणी ढुंकूनही पाहिले नाही.

दगडांच्या या नादात त्यांनी पुस्तकांचा संग सोडला नाही. इंग्रजी अमदानीतील हिंदू संस्कृतीचा त्रिखंडात्मक इतिहास त्यांनी 1894 ते 1896 या काळात प्रसिद्ध केला. घरचे वातावरणही विद्येचेच होते. त्यांची पत्नी कमला ही प्रख्यात अर्थशास्त्रज्ञ रमेशचंद्र दत्त यांची कन्या. हेच रमेशचंद्र पुढे सयाजीराव महाराजांच्या बोलावण्यावरून बडोद्यास आले, तेथे दिवाण झाले आणि 1909 साली तेथेच वारले. प्रमथनाथांचे चिरंजीव मधु बोस हे चित्रपट दिग्दर्शक आणि त्यांच्या पत्नी साधना बोस या नर्तिका. 1941 सालचा ‘राजनर्तकी’ हा चित्रपट या दांपत्याचाच.

1903 साल उजाडले. खात्याच्या प्रमुखपदाची जागा रिकामी झाली. ती मिळाली टॉमस हॉलंड यांना. हॉलंड विद्वान होते यात शंका नाही. पण ते खात्यात आले 1890 साली, म्हणजे प्रमथनाथांच्या दहा वर्षे मागून. प्रमथनाथांनी हा निर्णय मुकाट्याने गिळला नाही. त्यांनी नोकरी सोडली.

सरकारी खात्याने ज्याची कदर केली नाही, त्याला ओडिशातील एका संस्थानिकाने सन्मानाने बोलावले. मयूरभंजचे महाराज श्रीरामचंद्र भंजदेव यांनी प्रमथनाथांस आपल्या संस्थानातील खनिजांच्या शोधार्थ नेमले. संस्थानी राजवटींवर टीका पुष्कळ झाली आहे, आणि तीतील बरीचशी रास्तही आहे. पण गुणी माणसाला आसरा देण्याचे काम त्यांच्यापैकी काहींनी केले, हे आपल्यासारख्या संस्थानी नगरात राहणाऱ्यांना निराळे सांगावयास नको. मयूरभंजमध्ये गोरुमहिसानीच्या डोंगरात प्रमथनाथांस लोहखनिजाचे अफाट साठे आढळले.

इकडे जमशेटजी टाटा पोलादाचा ध्यास घेऊन बसले होते. तेही संस्थानी मुलखातलेच. त्यांचे जन्मगाव नवसारी हे तेव्हा बडोदे राज्यात होते. चांदा जिल्ह्यातील लोहारा येथील खनिजावर त्यांची दृष्टी 1882 पासून होती. परंतु पोलादाचे गणित केवळ खनिजाने सुटत नाही. भट्टीत वरचा भार सोसणारा टणक कोक लागतो, आणि तो सगळ्याच दगडी कोळशापासून होत नाही. वरोऱ्याचा कोळसा त्या कामास उपयोगी पडेना. अशा वेळी 24 फेब्रुवारी 1904 रोजी प्रमथनाथांनी जमशेटजींना पत्र लिहून मयूरभंजच्या खनिजाची माहिती कळविली. ते पत्र आले, पण त्याचे फळ पाहणे जमशेटजींच्या नशिबी नव्हते. त्याच वर्षी 19 मे रोजी जर्मनीत त्यांचे देहावसान झाले.

पुढील शोध चिरंजीव दोराबजी व त्यांचे अमेरिकन तज्ज्ञ पेरिन आणि वेल्ड यांनी चालविला. याच सुमारास नागपूरच्या संग्रहालयात दोराबजींना एक भूगर्भीय नकाशा दिसला आणि त्यावरील रंगाच्या खुणेने ते राजहऱ्याच्या डोंगराकडे वळले, अशी हकीकत सांगतात. तो नकाशाही प्रमथनाथांच्याच कामावर आधारलेला! खनिज पाहून तज्ज्ञ थक्क झाले. पण योग्य कोळसा फार दूर आणि पाण्याची सोय अपुरी, म्हणून तो बेत सोडावा लागला. मग मयूरभंजचे पत्र आठवले. तेथून झरियाचा कोळसा जवळ, कलकत्त्याचे बंदर जवळ. 1907 साली कंपनी स्थापन झाली, सुवर्णरेखा आणि खरकाई यांच्या संगमाजवळ साकची येथे कारखाना उभा राहिला आणि फेब्रुवारी 1912 मध्ये पोलादाचा पहिला लोट तेथे ओतला गेला. कोळसा चुकला की उत्तम खनिजही व्यर्थ, आणि दोन्ही जुळले की रानाचे नगर होते, हे त्या एका खटपटीत दिसून आले.

प्रमथनाथ तेवढ्यावर थांबले नाहीत. स्वदेशीच्या लाटेत 1906 साली कलकत्त्यात बंगाल टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, तिचे पहिले मानद प्राचार्य तेच. त्या रोपट्यातूनच पुढे 1955 साली जादवपूर विद्यापीठ झाले.

मात्र त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध विचार करावयास लावणारा आहे. ज्याने पोलादाच्या युगाची दारे उघडून दिली, तोच पुढे रांचीस स्थायिक होऊन यंत्रप्रधान पाश्चात्त्य सुधारणेविषयी शंका घेऊ लागला. संपत्ती वाढली म्हणजे मनुष्य सुधारला असे नव्हे, हा विचार त्यांच्या उत्तरकाळातील ग्रंथांतून वारंवार येतो. कोणी याला विसंगती म्हणेल. पण खनिज शोधणे आणि त्याचा उपयोग कशासाठी हे विचारणे, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने कराव्यात यात विसंगती ती काय? उलट, शोध लावून प्रश्न दुसऱ्यांवर सोडून देणारेच अधिक. 27 एप्रिल 1934 रोजी, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, रांची येथे त्यांचे निधन झाले.

1887 साली नोंदविलेला राजहऱ्याचा डोंगर मात्र वाटच पाहत होता. स्वातंत्र्यानंतर सोव्हिएत साहाय्याने भिलाई येथे पोलाद कारखाना निघाला, 4 फेब्रुवारी 1959 रोजी तेथील पहिली झोतभट्टी पेटली, आणि तिला खनिज आले ते राजहऱ्याहून. बहात्तर वर्षांपूर्वी एका तरुण अधिकाऱ्याने लिहून ठेविलेले टिपण अखेर देशाच्या कामी आले. ज्या खात्याने त्याला प्रमुखपद नाकारले, त्याच्याच दप्तरात ते जपून राहिले होते. पदे येतात आणि जातात. प्रामाणिकपणे केलेली नोंद टिकते. प्रमथनाथांच्या चरित्राचा बोध एवढाच असला, तरी तो लहान नाही.