नोंदवहीपुढे नम्र

मांडवीच्या पात्रातील चोडण बेटावरच्या पक्षी अभयारण्यास ज्यांचे नाव आहे, त्या डॉ. सालिम अलींचे चरित्र गोमंतकीयांनी एकवार डोळ्यांखालून घालावे, असे आम्हांस वाटते.

१८९६ साली १२ नोव्हेंबर रोजी मुंबईत जन्मलेला हा मुलगा बालपणीच आईवडिलांस पारखा झाला व मामांकडे वाढला. बंदुकीने पाडलेली पिवळ्या गळ्याची एक चिमणी ओळखता येईना, म्हणून तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची पायरी चढला आणि जन्माचा पक्ष्यांचा झाला. रीतसर पदवीअभावी नोकरी हुकली. पण किहीमच्या किनाऱ्यावर सुगरणीची घरटी न्याहाळीत त्यांनी जे शास्त्र रचले, त्यास पदवीची गरज नव्हती. १९४१ सालच्या त्यांच्या ग्रंथाने भारतीय पक्षी घरोघरी पोहोचविले.

भरतपूरचे केवलादेव तळे हे त्यांचे दुसरे घर. १९३८ साली, योगायोगाने त्यांच्याच जन्मदिवशी, व्हाइसरॉयच्या मेजवानीत तेथे ४,२७३ पक्षी मारले गेले होते. स्वातंत्र्यानंतर ते तळे शेतीच्या घशात जाऊ लागताच अलींनी नेहरूंपर्यंत शब्द टाकून ते वाचविले. पुढे ते राष्ट्रीय उद्यान झाले. गुरांमुळे पाणथळीची हानी होते, या अलींसह तज्ज्ञांच्या मतानुसार १९८२ साली चराईबंदी आली. त्या संघर्षात गोळीबार होऊन काही ग्रामस्थांचे प्राण गेले.

आणि मग विपरीत घडले. म्हशी खात होत्या ते पाणगवत माजले, मोकळे पाणी आटत गेले आणि पाणपक्षी घटू लागले. हे उघड केले ते अलींच्याच संस्थेने, १९८० ते १९९० अशी दहा वर्षे केलेल्या निरीक्षणांनी. १९८७ साली निवर्तलेल्या अलींस तो अंतिम निष्कर्ष पाहता आला नाही.

एवढ्या थोर पुरुषाचाही अंदाज चुकू शकतो. मात्र ज्या नोंदवहीने तो खोटा ठरविला, तिची परंपरा त्यांनीच जोपासली होती. यातच आम्हांस त्यांचे खरे मोठेपण दिसते. कुंपण घातले म्हणजे निसर्ग राखला गेला, असे नव्हे. पाणी किती, गवत कोणते, पक्षी किती उतरले, हे वर्षानुवर्षे मोजावे लागते आणि माणसांस हुसकावण्यापूर्वी तेथे त्यांचा हातभार काय होता, हेही पाहावे लागते. चोडणच्या कांदळवनास १९८८ साली त्यांचे नाव दिले गेले. त्या नावाचे ऋण फलकाने फिटणार नाही. ते फिटेल अखंड आणि प्रामाणिक नोंदींनीच.