परकी त्वचा शरीराला कळते कशी?

दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या रुग्णांवर उपचार करताना ब्रिटिश डॉक्टरांपुढे एक पेच होता. रुग्णाच्याच अंगावरची त्वचा काढून जखमेवर लावली, की ती रुजायची. दुसऱ्याची लावली, तर काही दिवस चांगली दिसायची आणि मग गळून पडायची. याचे कारण शोधले एका प्राणिशास्त्रज्ञाने, पीटर मेडावार यांनी.

मेडावार यांचा जन्म १९१५ साली ब्राझीलमध्ये झाला. वडील लेबनीज वंशाचे, आई इंग्रज. शिक्षण ऑक्सफर्डला झाले. १९४० मध्ये त्यांच्या घराजवळ एक बॉम्बफेकी विमान कोसळले आणि त्यातला वैमानिक गंभीर भाजला. तेव्हापासून मेडावार या प्रश्नामागे लागले.

ग्लासगोच्या रुग्णालयात शल्यचिकित्सक थॉमस गिब्सन यांच्यासोबत त्यांनी भाजलेल्या एका तरुणीवर तिच्या भावाच्या त्वचेचे तुकडे लावले. ते टिकले नाहीत. दुसऱ्या खेपेचे तुकडे तर पहिल्यापेक्षाही लवकर नष्ट झाले. म्हणजे दोष टाक्यांचा नव्हता. एकदा झालेला गोवर शरीर लक्षात ठेवते, तशाच परक्या पेशीही लक्षात ठेवते. त्वचा नाकारणारी रोगप्रतिकारशक्तीच होती.

पुढे जुळ्या वासरांनी त्यांना चकित केले. दिसायला वेगळी असलेली जुळी वासरेही एकमेकांची त्वचा स्वीकारत, कारण गर्भातच त्यांचे रक्त एकमेकांत मिसळलेले असे. मग बिलिंगहॅम आणि ब्रेंट या सहकाऱ्यांसह मेडावार यांनी उंदरांच्या गर्भात दुसऱ्या वंशाच्या उंदराच्या पेशी टोचल्या. मोठे झाल्यावर त्यांपैकी काही उंदरांनी त्या वंशाची त्वचा आपली मानली. आपले कोणते आणि परके कोणते, हे शरीर शिकते, हे १९५३ मध्ये सिद्ध झाले. १९६० चे नोबेल मेडावार आणि ऑस्ट्रेलियाचे फ्रँक बर्नेट यांना मिळाले. मेडावार यांनी आपली रक्कम दोन्ही सहकाऱ्यांसोबत वाटून घेतली.

१९६९ मध्ये त्यांना पक्षाघात झाला, तरी लेखन थांबले नाही. १९८७ मध्ये त्यांचे निधन झाले.

एकसारख्या जुळ्या भावाचे मूत्रपिंड शरीर सहसा परके मानत नाही. १९५४ मध्ये बोस्टनला झालेले पहिले यशस्वी प्रत्यारोपण असेच होते. इतर रुग्णांना मात्र प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सहसा आयुष्यभर घ्यावी लागतात. बरे वाटते म्हणून ती स्वतःहून बंद करू नयेत. शरीर परक्याला विसरत नाही.