मल्हाररावांची सून अहिल्याबाई

अहिल्याबाई होळकर यांचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी या गावी झाला. हे गाव जामखेड तालुक्यात आहे. त्या जिल्ह्याला पूर्वी अहमदनगर म्हणत. आता अहिल्याबाईंच्या नावावरूनच अहिल्यानगर म्हणतात. त्यांचे वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील होते. त्या काळी मुलींना शाळा नव्हती, पण माणकोजींनी आपल्या लेकीला लिहायला-वाचायला शिकवलं. त्याचा पुढे फार उपयोग झाला, तो मी सांगणारच आहे.

मल्हारराव होळकर हे पेशव्यांचे मोठे सरदार. लहानपणी त्यांनी मेंढरं राखली होती असं म्हणतात. एकदा चौंडीला मुक्काम असताना त्यांनी देवळात अहिल्येला पाहिलं आणि ही मुलगी आपल्या घरात सून म्हणून यावी असं त्यांना वाटलं. १७३३ साली त्यांचा मुलगा खंडेराव याच्याशी तिचं लग्न झालं. तेव्हा ती आठ वर्षांची होती, म्हणजे आपल्या तिसरीच्या वर्गातल्या मुलींएवढी!

होळकरांचं घर म्हणजे लढाईवाल्यांचं घर. दसरा झाला की पुरुष माणसं मोहिमेवर निघत, ती पावसाळ्याच्या तोंडाला परत येत. मग मागे काम कोण बघणार? सासूबाई गौतमाबाई बघत. त्यांनी सुनेला हाताशी धरलं. शिपायांचा पगार, घोड्यांचा दाणा-वैरण, वसूल किती आला, खर्च किती झाला, हे सगळं अहिल्याबाई शिकल्या. दारूगोळ्याचा हिशेबसुद्धा त्यांना येत होता. (दारू म्हणजे तोफेची दारू, पिण्याची नव्हे.) त्यांना मालेराव नावाचा मुलगा आणि मुक्ताबाई नावाची मुलगी झाली.

१७५४ साली मराठ्यांनी कुंभेरीच्या किल्ल्याला वेढा घातला. हा किल्ला जाटांचा राजा सूरजमल याचा, राजस्थानात आहे. अहिल्याबाईही तेव्हा छावणीत होत्या. मार्च महिन्यात किल्ल्यावरून तोफेचा गोळा आला आणि खंडेराव ठार झाले. तेव्हा अहिल्याबाई २८ वर्षांच्या होत्या.

त्या काळी सती जाण्याची वाईट चाल होती. अहिल्याबाई सती जायला निघाल्या. तेव्हा एवढे मोठे सुभेदार मल्हारराव सुनेपुढे रडले. माझा मुलगा गेला, आता तूच माझा मुलगा, मला म्हाताऱ्याला उन्हात टाकून जाऊ नकोस, अशी त्यांनी विनवणी केली. अहिल्याबाई थांबल्या. मला वाटतं, जायला निघालेल्या माणसाला थांबणंच जास्त अवघड असेल. कारण मग रोज सकाळी उठून काम करायचं असतं.

आणि काम तर भरपूर होतं. मल्हारराव सुनेला पत्रं पाठवून कामं सांगत. १७६५ सालच्या एका पत्रात त्यांनी चंबळ नदी ओलांडून ग्वाल्हेरला जा, तोफखाना बरोबर ठेव, दारूगोळा जमेल तेवढा तयार करव आणि वाटेवर चौक्या बसव, असं लिहिलं आहे. कुणाचा सासरा सुनेला असं पत्र लिहितो? पण लिहिता-वाचता येत होतं म्हणूनच हे झालं.

पुढच्याच वर्षी, १७६६ मध्ये, मल्हारराव वारले. मालेराव गादीवर आले, पण तेही १७६७ साली वारले. आता होळकरांची दौलत बिनवारस झाली असं समजून राघोबादादा पेशवे फौज घेऊन आले. अहिल्याबाई घाबरल्या नाहीत. त्यांनी बायकांची फौज तयार केली आणि राघोबादादांना निरोप पाठवला असं सांगतात. मी हरले तर माझं काही जात नाही, पण तुम्ही बाईकडून हरलात तर लोक हसतील, असा तो निरोप होता. राघोबादादांनी मग आपण दुखवट्याला आलो आहोत असं सांगितलं! हा भाग मी आमच्या घरी वाचून दाखवला तेव्हा सगळे हसले. थोरल्या माधवराव पेशव्यांनीही अहिल्याबाईंचाच कारभार मान्य केला. लढाईचं काम त्यांनी तुकोजी होळकरांना दिलं आणि आपण नर्मदेच्या काठी महेश्वरला राहून राज्य चालवलं.

महेश्वरला त्यांनी विणकर आणून वसवले. तिथली महेश्वरी लुगडी अजून प्रसिद्ध आहेत. काशीविश्वनाथाचं देऊळ त्यांनी पुन्हा बांधलं. आपल्या वेरूळचं घृष्णेश्वराचं देऊळ पण त्यांनीच नीट केलं. घाट, विहिरी, धर्मशाळा तर किती ठिकाणी आहेत! सासूबाईंकडून आलेली खासगीची जहागीर होती, तिचा पैसा त्या या कामाला लावत.

आता राहिली मुक्ताबाई. तिचं लग्न यशवंतराव फणसे यांच्याशी झालं होतं. तिचा एकुलता एक मुलगा आजाराने गेला आणि १७९१ साली यशवंतरावही वारले. मुक्ताबाई सती जायला निघाली. मल्हाररावांनी जशी विनवणी केली होती, तशीच आता अहिल्याबाईंनी लेकीला केली. त्या तिच्या पाया पडल्या. पण मुक्ताबाईने ऐकलं नाही. तू म्हातारी झालीस, तुझ्यामागे माझं कोण आहे, असं ती आईला म्हणाली. अहिल्याबाईंना घाटावर दोन माणसांनी धरून ठेवलं होतं. त्यानंतर तीन दिवस त्यांनी अन्न घेतलं नाही आणि कुणाशी बोलल्या नाहीत. (सती बंद करणारा कायदा १८२९ साली झाला.)

मग लेक-जावयाच्या आठवणीसाठी त्यांनी एक छत्री बांधवली. नंतर चार वर्षं त्या होत्या. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरलाच त्या वारल्या. तेव्हा त्यांचं वय ७० होतं आणि पोटचं कुणीच उरलं नव्हतं. दौलत तुकोजीरावांकडे गेली.