ग्रंथबांधणीकार जोसेफ डेंट

सुंदर चामडी बांधणीचे ग्रंथ संग्रही ठेवणे हा धनिकांचा छंद, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती खोटी ठरविणाऱ्या एका कष्टाळू पुरुषाचे चरित्र ज्ञातिबांधवांपुढे थोडक्यात ठेवीत आहे.

जोसेफ मॅलबी डेंट यांचा जन्म ३० ऑगस्ट १८४९ रोजी इंग्लंडमधील डार्लिंग्टन या गावी झाला. वडील घरे रंगविणारे रंगारी, कुटुंब मोठे. शाळा लवकर सुटली व जोसेफ छापखान्यात उमेदवारीस लागले. तेथे जम बसेना, म्हणून ते पुस्तकबांधणीकडे वळले. पंधराव्या वर्षी चर्चच्या अभ्यासमंडळात निबंध वाचावयाचा म्हणून त्यांनी बॉस्वेलकृत जॉन्सनचरित्र हाती घेतले आणि वाचनाची गोडी लागली ती कायमची.

१८६७ साली ते लंडनला गेले. पुढे तेथे त्यांनी स्वतःचा बांधणीचा कारखाना काढला. फर्मे शिवावयाचे, कमावलेले चामडे कडांना तासून पुठ्ठ्यावर चढवावयाचे आणि तापविलेल्या ठशांनी पाठीवर सोनेरी वर्खाची अक्षरे उमटवावयाची, या कामात त्यांनी नाव मिळविले. परंतु अशी बांधणी परवडणारी माणसे थोडी, आणि वाचनाची भूक असणारी पुष्कळ, हे शल्य त्यांच्या मनात होते.

१८८८ मध्ये ते प्रकाशक झाले. १९०६ साली संपादक अर्नेस्ट ऱ्हीस यांच्या साहाय्याने त्यांनी ‘एव्हरीमन्स लायब्ररी’ ही ग्रंथमाला सुरू केली. संकल्प एक हजार ग्रंथांचा! पहिला मान अर्थातच बॉस्वेलला मिळाला. डिकन्स, थॅकरे, जॉर्ज इलियट, शार्लट ब्राँटी यांच्या व्हिक्टोरियाकालीन कादंबऱ्याही मालेत आल्या. कापडी प्रतीची किंमत एक शिलिंग, म्हणजे तेव्हाच्या दराने बारा आणे. चामडी प्रत दोन शिलिंगांस. दीड रुपयात सोनेरी अक्षरांचा डिकन्स! ज्या कारागिरीने डेंट श्रीमंतांची कपाटे सजवीत, तीच त्यांनी कारकुनाच्या व शाळामास्तराच्या फळीवर आणून ठेवली.

पहिल्या महायुद्धात त्यांचे दोन पुत्र कामी आले. कागद महागला, शिलिंगाची किंमत टिकली नाही. तरीही माला खंडित झाली नाही. ९ मे १९२६ रोजी डेंट निवर्तले. हजारावा ग्रंथ, ॲरिस्टॉटलचे ‘मेटॅफिजिक्स’, १९५६ साली निघाला. संकल्प करणारा गेल्यावर तीस वर्षांनी तो सिद्धीस गेला.

या मालेतील एक जुनी चामडी प्रत मला मुंबईच्या पदपथावर मिळाली होती. कडा झिजल्या होत्या, पण शिवण शाबूत होती. आणि पानोपानी कोणा अज्ञात वाचकाच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. संग्रहाचे खरे मोल मला त्या खुणांतच दिसले.

आपल्या गुणी विद्यार्थ्यांस आपण दरवर्षी बक्षिसे देतो. त्यांत एखादा उत्तम, पक्क्या बांधणीचा ग्रंथ अवश्य असावा. ज्याच्या घरी पुस्तकांचे कपाट नाही, त्याच्याच हाती तो प्रथम पडावा, एवढीच नम्र विनंती.