पंडिता रमाबाई व मेंदूविषयीचे भ्रम

मुलीचे डोके गणितात चालावयाचे नाही, अमुक मुलगा उजव्या मेंदूचा, त्याने चित्रेच काढावीत, अशी वाक्ये आमच्या धाराशिवाकडे अद्यापि कानी पडतात. बोलणारे पुष्कळदा मायाळू शिक्षकच असतात! वस्तुतः कोणतीही विद्या शिकताना मेंदूचे दोन्ही भाग मिळून काम करतात. अशा समजुतींशी जिचा जन्मभर संबंध आला, त्या विदुषीचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देतो.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली सह्याद्रीतील गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविले, तेव्हा विद्वानांनी त्यांस जाब विचारला. स्त्री त्या विद्येस अपात्र, अशी त्या मंडळींची खात्री होती. शास्त्रीबोवा डगमगले नाहीत. पुढे लक्ष्मीबाईंनी लेकीस शिकविले, आणि तीर्थयात्रेची पायपीट करता करता रमेस हजारो श्लोक मुखोद्गत झाले. उपासमारीत आईबाप गेले. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी तिची विद्वत्ता पाहून तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या.

१८८३ साली रमाबाई विलायतेस गेल्या व पुढे चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजात शिकू व शिकवू लागल्या. तिकडे भ्रम नव्हते असे कोणी समजू नये. स्त्रीचा मेंदू वजनाने हलका म्हणून तिची बुद्धी उणी, असे नामांकित शास्त्रज्ञ म्हणत. शरीर लहान तसा मेंदूही लहान, आणि बुद्धी काही तराजूत तोलता येत नाही, हे त्यांच्या ध्यानी येईना. बोस्टनचे डॉक्टर क्लार्क यांनी तर १८७३ साली ग्रंथ लिहून, मुलांसारखा अभ्यास केल्यास मुलींची प्रकृती ढासळते, असे बजावले होते.

आम्हांस अधिक नवल वाटते ते पुढचे. जिची विद्या पाठांतरावर उभी, तिने अमेरिकेत फ्रोबेलची बालोद्यान पद्धती शिकून घेतली. या पद्धतीत मूल ठोकळे, खेळ व गाणी यांच्या योगे स्वतः करून शिकते. आपणांस जे साधले तेच सर्वांवर लादावे, हा मोह शिक्षकास फार. रमाबाईंस तो झाला नाही.

११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईस शारदासदन उघडले. तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. विशी ओलांडून ती शाळेत बसली. त्या वयात शिक्षण कसचे, असे तेव्हाचे जग समजे. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह होऊन ती आनंदीबाई झाली. रमाबाई १९२२ साली वारल्या. गोदूबाईंनी पुढे आपले आत्मचरित्र लिहिले. त्याचे नाव ‘माझे पुराण’.