पन्नाशीनंतरचा अभिनेता

अवतार किशन हंगल यांचा जन्म १९१४ साली सियालकोट येथे झाला. शिवणकाम हे त्यांच्या उपजीविकेचे साधन होते. स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी भाग घेतला. कराचीच्या तुरुंगातून सुटल्यावर १९४९ साली ते मुंबईस आले. तेथे शिवणकाम सांभाळूनच ‘इप्टा’च्या नाटकांतून ते भूमिका करू लागले. १९६६ साली ‘तीसरी कसम’ या चित्रपटाद्वारे त्यांनी रुपेरी पडद्यावर पदार्पण केले, तेव्हा त्यांची पन्नाशी उलटली होती. ‘शोले’मधील अंध वृद्धाच्या भूमिकेने ते घरोघरी पोहोचले. २००६ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. नव्वदी ओलांडल्यावरही, २०१२ साली, त्यांनी ‘मधुबाला’ या दूरचित्रवाणी मालिकेत काम केले. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. उशिरा झालेला आरंभही आयुष्य सार्थ करू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले.